माकुलीचं बारसं

अमरावती,
ता. ९ फेब्रुवारी १९६३

तीर्थस्वरूप आत्याबाई यांना श्रावणचा साष्टांग नमस्कार. इकडे आईचे गुडघे सोडून सर्व कुशल आहे. तुमचं पडसं गेलं का, मामाजींच्या संत्र्यांचा मृग बहार तोडीला आला का, आणि ती शिंग उगारणारी गाय व्याली का, ते सविस्तर कळवावं. (व्याली असेल तर वासराचं नाव ठेवायची घाई करू नका, आधी हे पत्र पुरतं वाचा.) पत्र मामाजींकडून वाचून न घेता तुम्ही स्वतःच वाचावं, कारण त्यात त्यांच्या संत्र्याच्या पेटीची बेअब्रू आहे.

आपल्या घराण्यात नाव ठेवायचा मान तुमचा. माझं नाव श्रावण तुम्हीच ठेवलंत. मी जन्मलो मार्गशीर्षात, तरी कोणाची बोलायची हिंमत झाली नाही. येत्या वैशाखात माझं लग्न झालं की तांदळात बोटाने नवरीचं नवं नाव लिहायचं, तेही तुम्ही ठरवून ठेवलं आहे. मनकर्णाची सुलोचना होणार, हे लग्नपत्रिकेच्याही आधी पक्कं झालं. असं असताना तुम्हाला न विचारता मी एका जिवाचं नाव ठेवून बसलो. हे पत्र म्हणजे त्या गुन्ह्याची कबुली समजा.

एकसष्टच्या दिवाळीच्या सुट्टीत कॉलेजने मला समुद्री जीवांचं शिक्षण घ्यायला कोचीनला धाडलं होतं. (मी तिकडच्या मंडळींसाठी तुमच्याकडची संत्री पेटीभर नेली होती, ती दुसऱ्या दिवशीच संपली.) परत येताना कोळ्यांच्या जाळ्यातल्या अकरा माकुली स्पिरिटच्या बरण्यांत घालून आणल्या. माकूल म्हणजे कोकणातले लोक चवीने खातात तो प्राणी. मऊ पिशवीसारखं अंग, हे मोठाले डोळे, आत तीन हृदयं आणि तोंडाभोवती दहा हात. बरण्या फुटू नयेत म्हणून मी त्या रिकाम्या पेटीत गवत घालून बसवल्या. इथवर माझं डोकं चाललं. पेटीवरची मामाजींची खूण पुसायची मात्र राहिली. बडनेऱ्याला पेटी फलाटावर ठेवून मी चहा प्यायला गेलो, तेवढ्यात एका भल्या हमालाने ओळखीची खूण पाहून ती अकोल्याला निघालेल्या संत्र्यांच्या थप्पीवर चढवून दिली. दोष त्याचा नाही, चहाचा आहे.

अकोल्याला मामाजींचे अडते शेषराव. त्यांनी भर लिलावात, सगळ्या गिऱ्हाइकांदेखत पेटी उघडली. मी दुसऱ्या दिवशी धापा टाकत पोचलो तर ते पेटीकडे पाठ करून बसलेले. म्हणाले, "मास्तर, तीस वर्सं झाले, म्या माल पाह्यला. हा माल मलेच पाहून राहिला!" (एकाने लोणचं समजून बोलीही लावली होती म्हणे.) मी हात जोडून बरण्या परत आणल्या. तेव्हापासून शेषराव मामाजींची प्रत्येक पेटी आधी कानाशी धरून हलवतात, असं ऐकतो.

पण आत्याबाई, त्या अकराही जणी पुस्तकातल्या जातीहून निराळ्या निघाल्या. यांच्या हातांवर इवल्या इवल्या वाट्या असतात आणि त्या वाट्यांना दातेरी कडी. पुस्तकातल्या जातीचे दात बोथट आणि मोजके, माझ्या माकुलींचे टोकदार आणि दुप्पट. पोहायचे परही लांब. आमचे प्रोफेसर म्हणाले, हा नुसता हंगामाचा फरक असेल. मी म्हटलं, साहेब, आमच्याकडे संत्र्याचे आंबिया आणि मृग हे दोन्ही बहार एकाच झाडावर येतात. साल निराळी, गोडी निराळी, पण पान तेच. हे दात म्हणजे माकुलीचं पान आहे. पुढचे तीन दिवस ते भिंग घेऊन स्वतः दात मोजत बसले. शेवटी कलकत्त्याच्या जाणकारांनीही कळवलं की उपजात नवीच आहे. (आईला ही बातमी सांगितली तर तिचा पहिला प्रश्न, "आपल्यात चालते का?")

नव्या उपजातीचं वर्णन जो लिहितो, त्यानेच नाव द्यायचं असतं. आई म्हणाली देवीचं दे. प्रोफेसरांना त्यांचं स्वतःचं चाललं असतं. मी मात्र लॅटिनचं शेपूट लावून 'मनकर्णाए' असं लिहून टाकलं. खरं सांगू का, मला ते नाव फार आवडतं. मुलगी पाहायला मोर्शीला गेलो होतो, तेव्हा तिने मान वर करून ते एकदाच सांगितलं आणि परतताना रिद्धपूर मागे पडलं तरी मी ते मनात घोकतच होतो.

लोभ आहेच, तो हे वाचूनही राहावा.

तुमचा भाचा,
श्रावण

ता. क. शास्त्राचा नियम असा की एकदा छापलेलं नाव पुढे कोणाला बदलता येत नाही, मोठ्यातल्या मोठ्या पंडितालाही नाही. तेव्हा तांदळात मनकर्णा हेच लिहावं, ही हात जोडून विनंती. सुलोचना वासराला शोभेल.

आणखी ता. क. छापलेलं म्हणालो, ती थाप आहे. माकुलीच्या वर्णनाचा कागद अजून टपालात पडायचा आहे. पडणारच होता, पण मी हौसेने मनकर्णाला माकुलीचं चित्र धाडलं. तिचा भाऊ काल निरोप घेऊन आला, तो तिच्याच शब्दांत देतो. "माझं नाव माझ्याजवळच राहू द्या. मले तांदळात सुलोचना नाही व्हायचं, अन् ती दहा हाताची बया माझ्या नावानं नांदलेली बी मले खपणार नाही." तेव्हा माकूल पुन्हा बिननावाची झाली आहे.

शेवटचं. बाबा अखेरच्या दुखण्यात "जाई, जाई" अशी हाक मारत होते. आम्ही भावंडं एकमेकांची तोंडं पाहत राहिलो. मग आईने सांगितलं, लग्नाआधी तुम्ही जाई होतात, दुर्गा नंतर तांदळात झालात. तुम्ही पोचलात तोवर बाबा गेले होते, आणि हे तुम्हाला सांगायचा धीर मला चार वर्षं झाला नाही. आता त्या नावाने हाक मारणारं कोणी उरलं नाही, याचं मला फार वाईट वाटतं. कागदावर मी पेन्सिलीने 'जाईए' लिहून ठेवलं आहे. प्राणी दिसायला बेतास बात आहे, पण नाव एकदा छापलं की जगात कोणाला पुसता येणार नाही. मान तुमचा, म्हणून विचारतो. माकुलीला एक नाव द्या आणि मनकर्णाचं एक राहू द्या. सोबत माझा पत्ता घातलेलं कार्ड आहे. त्यावर नुसतं 'हो' लिहिलं तरी पुरे, आणि खाली सही तुम्हाला वाटेल त्या नावाने करा.