आकाश अर्धंच आलं

१० सप्टें., बुध.
सगळ्यात आधी टपकली ती समोरची सुलभा. साखर मागायला, आणि हातात वाटीच नाही! इशाकडे मुलगा कोण आलाय ते बघायचं होतं. म्हटलं, बघ बाई डोळे भरून. सुबोध. ट्रॉम्बेला राहतो, माझ्या नातीच्या, इशाच्या वर्गात आहे. "लॅपटॉपच घेऊन बसलेत गं नुसते," म्हणाली. हिरमुसली बिचारी.
मला मात्र झकास वाटलं. घरात पोरं. पोहे दोनदा केले.
काम असं. पुण्याकडे शेतात मोठाल्या दुर्बिणी आहेत, आकाशातलं ऐकतात म्हणे. रात्रभर ऐकलेलं इशाने डिस्कवर भरून आणलं, गौरीच्या दिवशी. आता ते लॅपटॉपातल्या प्रोग्राममध्ये जायला पाहिजे. जात नाही. लाल अक्षरं येतात. मंगळवारी सरांना दाखवायचं, नाहीतर इशाचं वर्ष गेलं. हे सुबोधने सांगितलं. ती स्क्रीनवरून मान वर काढत नाही.

११, गुरु.
परत लाल. डंपिंग ग्राउंडच्या कचऱ्याचा वास आला म्हणून खिडक्या लावल्या तर लॅपटॉप तापला, उघडल्या तर इशा तापली.
सुबोध म्हणे जागा कमी असेल. माझ्या धाकट्याच्या लग्नाचे व्हिडिओ दुसरीकडे हलवले. (सगळे नीट आहेत ना ते बघायचं राहिलं. माझी हिरवी पैठणी त्यातच.) तरी तेच. मग म्हणे प्रोग्राम जुना. नवा टाकला. चालू होतो, थोडा जातो, थांबतो. दर वेळी तिथंच.
"देवाला दिवा लावू का?"
"आजी, प्लीज!"
"लावा ना आजी," सुबोध म्हणाला, "तेवढंच करायचं राहिलंय."
लावला. सुकटीची चटणी केली होती, इशाच्या आवडीची. शिवली नाही.

१२, शुक्र.
कळलं.
सुबोधने दुर्बिणीवरच्या माणसाला फोन करून विचारलं, फाइल केवढी होती. आमच्याकडे आलीय ती निम्मीसुद्धा नाही.
"इशा, कॉपी पुरी झालेली ना? की मध्येच डिस्क काढलीस?"
"झाली असेल असं वाटलं रे. एस.टी. सुटत होती. आजीचे फोनवर फोन, गौरीला ये, गौरीला..."
माझ्याकडे बघितलं नि जीभ चावली.
आमच्यात गौरीला वडे-मटणाचा नैवेद्य. नात नाही तर वडे कोणासाठी तळायचे, म्हणून सकाळपासून मीच फोन लावत होते. आली, मांडीला मांडी लावून जेवली. मला केवढा आनंद! सगळ्या माळ्याला सांगत सुटले, माझी नात दुर्बीण सोडून आली.
"तुझं काही नाही गं आजी. मीच बघायला हवं होतं."
चहा टाकायला आत गेले. दूध उतू गेलं, समोर उभी असून.
सुलभा जिन्यात भेटली. "काय गं, ठरलं का?" हिला काय सांगायचं...

१३, शनि.
तो माणूस म्हणतो, यादीत फाइलचा आकडा आहे, पण मूळ फाइल राहिली असेल तर असेल. जागा लागली की जुनं काढून टाकतात. येऊन बघा. सकाळीच दोघं निघाली. सुबोधने मोठी डिस्क घेतलीय.
दारात म्हटलं, "पुरं झाल्याशिवाय उठायचं नाही. एस.टी. गेली तर गेली."
"आणि तू दर तासाला फोन करशील!" इशा हसली. किती दिवसांनी.
"नाही करणार."
"लिहून द्या आजी," सुबोध.
गेली. पीठ मळलं, झाकून ठेवलं. फोन हातात घेतला, ठेवला. परत घेतला. फाइल असेल का? एवढंच विचारलं तर काय बिघडतं... शेवटी फोन सुलभाकडे नेऊन दिला. म्हटलं, ठेव तुझ्याकडे, आणि मी मागायला आले तरी देऊ नकोस.
रविवारी संध्याकाळी येतो म्हणालीत.