शिट्टीनंतरची पकड

सर, तुम्ही जाऊन बरीच वर्षं झाली, त्यामुळे आता माझं बोलणं मध्येच तोडायला तुम्ही नाही. मी सिंगापूरला असतो, बँकेत नोकरी करतो, आणि तुम्ही कबड्डीसाठी घडवलेलं शरीर इथे भलत्याच खेळात झिजवून बसलोय. गेलिक फुटबॉल. आयरिश लोकांचा खेळ. चेंडू हातात घेऊन पळायचं, लाथेने खांबांमधून मारायचा, वाटेत येईल त्याला खांद्याने आडवं करायचं. ऑफिसातला एक आयरिश मित्र मला घेऊन गेला आणि पहिल्याच सामन्यात मी तुमचा चेला निघालो. समोरचा चेंडू घेऊन निसटला, मी सूर मारून त्याचा घोटा धरला. तिथे ते चालत नाही. शिट्टी वाजली, पण मी सोडेना. तुमचा नियमच होता ना, शिट्टी पंचांची, 'सोड' मात्र तुम्ही म्हणणार! त्याने दुसऱ्या पायाने माझ्या तोंडावर लाथ घातली, दात ओठात घुसला, गवतावर रक्त सांडलं, तरी मी धरूनच. शेवटी तिघांनी मिळून माझी बोटं उलगडली. लाल कार्ड घेऊन बाहेर बसलो तेव्हा मित्राने विचारलं, "हे तुला शिकवलं कोणी?" मी अभिमानाने तुमचं नाव सांगितलं.

पुढे नियम शिकलो, गुर्मी मात्र तीच राहिली. माझं खांद्याचं हाड मोडलं, एक बोट कायमचं वाकडं झालं, आणि मी एकाचा जबडा मोडला, तेव्हा त्याला स्ट्रेचरवरून नेताना मी पाणी पीत उभा होतो. गुडघा गेला तेव्हा कुठे थांबलो.

तालुक्याच्या मैदानावरचा तो दिवस तुम्हाला आठवतो का? मी नववीत आहे. चढाई करणाऱ्याचा गुडघा माझ्या पोटात बसतो, मी कळवळून पकड सोडतो, आपण हरतो. तुम्ही शांतपणे चालत येता आणि माझ्या डाव्या कानाखाली जाळ काढता. सगळे आवाज बंद होतात. घरी आई लसणीचं तेल गरम करून कानात घालते आणि म्हणते, "सरांनी मारलं म्हणजे तूच काहीतरी केलं असशील." आठवड्याने तुम्ही स्वतःच्या नी-कॅप मला दिल्यात, मी त्या उशाशी घेऊन झोपलो. त्या अजून इथे माझ्या टॅम्पिनीसच्या फ्लॅटमध्ये कपाटात आहेत, आणि त्या कानाने मला अजून धड ऐकू येत नाही. मला तुमचा संताप येतो, सर. तुम्ही जिवंत असताना हे बोलायची माझी छाती नव्हती.

आता हे पत्र लिहिण्याचं खरं कारण सांगतो. क्लबने मला विचारलं, मुलींच्या टीमला शिकवशील का? माझी मुलगी त्याच टीममध्ये खेळते. ती घरभर नाचली. मी क्लबला म्हटलं, एक शनिवार करून बघू, मग कळवतो. तर परवा बुकित तिमाहच्या मैदानावर तिने चेंडू घेऊन आलेल्या मुलीला खांद्याने अडवलं, मग वाट सोडून दिली आणि गोल झाला. मी तरातरा आत गेलो. "का सोडलंस?"

"बाबा, शी वॉज क्राइंग, लाह!" इथल्या पोरांच्या वाक्याला तो 'लाह' चिकटलेलाच असतो.

माझा उजवा हात वर गेला. तिने डोळेसुद्धा मिटले नाहीत. या मुलींची एक पद्धत आहे, गोल खाल्ला की प्रशिक्षक हात वर धरतो, त्यावर टाळी देऊन जी ती आपापल्या जागेवर जाते. तिने माझ्या तळव्यावर सणसणीत टाळी दिली आणि पळाली. तिच्या मागून बाकीच्याही आल्या, हसत, एकेक टाळी देत. मी तसाच उभा.

काल क्लबला नाही म्हणून कळवलं. गुडघ्याचं कारण दिलं. मुलगी माझ्याशी बोलत नाहीये, गुडघा तर बरा झालाय ना, असं तिच्या आईला विचारत होती. बरा झालाय. हे पत्र कुठे टाकायचं नाही, म्हणून तुम्हाला तेवढं सांगतो. तिच्यावर हात उगारला गेला ना सर, त्या क्षणी मला फार बरं वाटलं होतं.