मधली पेटी बोलेपर्यंत

मी, जिच्या डाव्या अंगठ्याचा ठसा या कागदाच्या तळाशी आहे ती, वय सत्त्याहत्तर, काम विचाराल तर एका जागी न बसणे, आज पूर्ण शुद्धीत आणि राजीखुशीने हे मृत्युपत्र सांगते आहे. माझ्यावर कोणाचं दडपण नाही. या घरात दडपण आणायचं खातं पहिल्यापासून माझ्याकडेच आहे. मला अक्षर येत नाही, म्हणून मी बोलते आणि वकीलबाई लिहितात. बोलले तसंच लिहायचं, सुधारायचं नाही, ही अट त्यांनी मान्य केली आहे. याआधी केलेली मृत्युपत्रं रद्द समजावीत. तेव्हा मी घाईत होते. आजही आहे, पण आज विषय पक्का आहे.

माझे पती, म्हणजे हे, रेडिओ-टीव्ही दुरुस्त करायचे. दुकान बंद केल्यावर घरातच थेटर करायचं त्यांच्या डोक्यात आलं. आयता संच आणायचा नाही, स्पीकरच्या पेट्या आपल्या हातांनी करायच्या. मला तीन मुलं. थोरला लोकांच्या स्वयंपाकघरातली कपाटं बनवतो. धाकटा लिफ्ट दुरुस्त करतो. लेक लग्न होऊन दुसऱ्या गावी असते.

कलम १. पेट्या. पुढे दोन उभ्या आहेत, त्या जावा. एकीने सूर काढला की दुसरीने काढलाच पाहिजे. मागे दोन लहान आहेत, त्या चुगलखोर, पाठीमागून कुजबुजतात. कोपऱ्यातला ठोकळा म्हणजे ढेरपोट्या. तो बोलत नाही, नुसता घुमतो आणि खुर्चीतून पोटात शिरतो. या सगळ्या हे आणि मी मिळून केल्या. हे सरस लावायचे, मी शिकंजे आवळायची. सांधे वाळले की त्यांच्या कडेने मेणबत्ती फिरवायची, आणि स्पीकर वाजत असताना ज्योत हलली तर तिथे फट आहे म्हणून समजायचं. तोंडावरचं कापड मी निवडलं. ओठांशी धरून फुंकर मारायची, फुंकर आरपार गेली तरच घ्यायचं. दुकानदार म्हणाला, "आजी, कापड घेताय की थंड करताय?"

सहावी पेटी पडद्याखाली आडवी बसते. तिला आम्ही मधली म्हणतो. सिनेमातल्या माणसांचं बोलणं तिच्यातून येतं. म्हणजे यायला हवं. ती अर्धी राहिली आहे. हे मृत्युपत्र तिच्यासाठी आहे, बाकीचं सगळं तोंडी लावायला.

(इथे बाई उठून खिडकीपर्यंत जाऊन आल्या. — वकील)

कलम २. भांडण. लोकांचे मुलगे जमिनीवरून भांडतात, दागिन्यांवरून भांडतात. माझे एका भोकावरून भांडले. मधल्या पेटीच्या पुढच्या फळीला स्पीकर बसवण्यासाठी गोल कापायचं होतं. स्पीकर धाकट्याकडे, फळी थोरल्याकडे. थोरल्याने फोनवर माप विचारलं, धाकट्याने लिफ्टच्या खड्ड्यात उभं राहून सांगितलं. सांगितलं ते स्पीकरच्या कडेसकट. कापायचं असतं कडेच्या आतलं, म्हणजे कड फळीवर टेकते आणि स्क्रू बसतात. थोरल्याने गोल इतकं सुरेख कापलं की पॉलिशपेपरची गरज नाही. रविवारी सगळ्यांसमोर स्पीकर बसवायला घेतला आणि तो सरळ आत गेला, विहिरीत बादली जावी तसा.

"कडेचं माप कशाला दिलंस?"

"कापणारा तू. तुला कळायला नको?"

"मी कपाटं करतो. मला काय ठाऊक तुमचे स्पीकर!"

"मग विचारायचंस. तोंड होतं ना?"

हे हसत सुटले. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसले, आणि ते हसणं दोघांच्याही मनाला लागलं. "अरे, लाकडाचं कडं करा आणि आतून चिकटवा, अर्ध्या दिवसाचं काम," हे म्हणाले. कडं कोणी करायचं? ज्याने चुकवलं त्याने. दोघांचंही उत्तर एकच. माझ्या मुलांचं एकमत झालेली ती शेवटची गोष्ट. पुढे थंडीत हे गेले. पेटी आ वासून तशीच उभी आहे, स्पीकर तिच्या पोटात.

कलम ३. माझी तक्रार. तेव्हापासून आमच्या थेटरात पाऊस पडतो तो ऐकू येतो, दारं आपटतात, घोडे धावतात. माणसं मात्र नुसती ओठ हलवतात. खाली अक्षरं उमटतात, ती घरातले वाचतात. मी काय वाचू? पडद्यावरची बाई रडते, थोरली सून डोळे पुसते, मी विचारते, "काय झालं गं?" ती म्हणते, "काही नाही, नवरा सोडून गेला तिचा." अडीच तासांचा सिनेमा मला एवढ्यात मिळतो. तोही उष्टा.

थोरल्याने एकदा रिमोटवर काहीतरी दाबलं आणि बोलणं बाजूच्या दोघी जावांच्या तोंडून यायला लागलं. छान ऐकू येत होतं. मी पूर्ववत करायला लावलं. "अगं आई, ऐकू येतंय ना? मग?" मग काय. सोय झाली की काम राहतं, हा या घराचा इतिहास आहे. मोरीच्या नळाला बांधलेली चिंधी यांच्यापेक्षा जास्त टिकली.

कलम ४. हत्यारं. गोल कापायचं मशीन, रंधा, पटाश्या आणि शिकंजे माझ्या पश्चात धाकट्याला मिळावेत. सोल्डरिंग गन, मीटर आणि तारांची रिळं थोरल्याला. वकीलबाईंनी विचारलं, "आजी, उलट झालं का?" उलट झालेलं नाही. एकाला दुसऱ्याच्या दारात जाण्यावाचून गत्यंतर राहू नये, असा मजकूर आहे.

कलम ५. लेक. शिवणयंत्र आणि उरलेलं कापड तिला. बँकेतली ठेव तिघांना सारखी. दुसरं असं की, भाऊ एकमेकांशी बोलत नाहीत, म्हणून "त्याला सांग" आणि "तू त्याला सांग" हे दोघांचे फोन तिलाच जातात. पोरीची आम्ही मधली पेटी करून टाकली आहे. परवा मला म्हणाली, "आई, मी दोघांची बहीण आहे की पोस्ट?" तिला या नोकरीतून माझ्या हयातीत मोकळं करावं.

कलम ६. दातांचे डॉक्टर. वरच्या मजल्यावर त्यांचा दवाखाना आहे. ढेरपोट्या घुमला की वर पेशंटचा जबडा हलतो, अशी त्यांची जुनी तक्रार आहे. मी त्यांना एकदा म्हटलं होतं, "हलणारा दात आपोआप पडतो, तुमचे कष्ट वाचले." ते अजून हसलेले नाहीत. ढेरपोट्याखाली घालायचे रबरी पाय त्यांच्या नावे करणार होते, पण डॉक्टर साक्षीदार म्हणून समोर बसलेत आणि साक्षीदाराला काही देता येत नाही म्हणे. मग मरायची वाट कशाला बघायची? पाय कपाटात आहेत, आजच बसवून घ्या.

कलम ७. घर. घर दोघा मुलांचं, निम्मं निम्मं. पुढची खोली मात्र अविभक्त राहील. मधली पेटी बोलेपर्यंत तिथे भिंत घालायची नाही, भाडेकरू ठेवायचा नाही. आयती पेटी आणून बसवली तर ती फसवणूक समजेन आणि वर जाऊन ह्यांना सांगेन.

आता खरी गोष्ट. हे कलम माझ्या मरणानंतर नको, येत्या रविवारपासून लागू करा, असं मी म्हटलं. वकीलबाई म्हणाल्या, "मृत्युपत्र मृत्यूनंतरच लागू होतं, आजी." मी म्हटलं, "मेल्यावर मला ऐकू येणार आहे का?" त्यांच्याकडे त्याचं कलम नाही. सबब हे कायदा म्हणून नाही, विनंती म्हणून लिहावं. मला माणसांचं बोलणं ऐकायचं आहे. जिवंतपणी.

कलम ८. वाचन. मला वाचता येत नसल्यामुळे हा कागद ठशाआधी मला मोठ्याने वाचून दाखवावा लागतो. त्याप्रमाणे दाखवावा. मधलं दार उघडं ठेवावं. दोन्ही मुलगे बाहेर पुढच्या खोलीत कोचाच्या दोन टोकांना बसले आहेत; दुसरा येणार नाही असं प्रत्येकाला सांगून मी बोलावलं. मला ऐकू कमी येतं, आवाज चढवा, असं मी वकीलबाईंना सांगितलं आहे. माझे कान ठणठणीत आहेत. एवढं वाक्य हळू वाचावं.

पुरवणी, वाचनानंतरची. वाचून झालं. मी ऐकलं, बरोबर आहे. मी उठणार होते, वकीलबाईंनी मनगट धरलं. मग जे ऐकलं ते इथे कलम म्हणून घालावं. पहिला आवाज थोरल्याचा.

"कडं किती रुंद लागेल?"

"आधी स्पीकर तर काढ पोटातनं."

"काढतो. तू माप घे."

"आतलं ना?"

"आतलंच, शहाण्या."

यातला शेवटचा शब्द वगळू का, असं वकीलबाईंनी विचारलं. वगळू नये. मला दोघांचा शब्द न् शब्द कळला, आणि मध्ये कोणाला विचारावं लागलं नाही.

साक्षीदारांचं निवेदन. वरील मजकूर बाईंनी आमच्या समक्ष सांगितला, त्यांना वाचून दाखवण्यात आला आणि त्यांनी तो कबूल केला. अंगठ्याचा पहिला ठसा पुसट आला, कारण बाई उठून दाराकडे निघाल्या होत्या. दुसरा घेत असताना बाहेर फळी कापण्याचा आवाज सुरू झाला. "कोण कापतंय?" असं बाईंनी विचारलं. डॉक्टरांनी दारातून पाहून सांगितलं, "धाकटे कापतायत. थोरल्यांनी फळी धरलीय." त्यावर बाई खाली बसल्या, आणि ठसा स्वच्छ उमटला.

डाव्या अंगठ्याचा ठसा: (उमटला आहे)

साक्षीदार पहिला, सही: वरच्या मजल्यावरील दातांचे डॉक्टर (रबरी पाय मिळाले)

साक्षीदार दुसरा, सही: समोरचा शिंपी

लिहिणार, सही: वकीलबाई

ठिकाण: राहत्या घराची आतली खोली, दार उघडं

दिनांक: ८ फेब्रुवारी २०२६, रविवार