शमूच्या पत्रावरच्या शाली

२ नोव्हेंबर, रविवार

आज मी पकडली गेले. नवे पाळकसाहेब, अगदी पोरगेले, उपासना संपल्यावर हात धरून म्हणाले, "आजी, प्रभुभोजनाला तुम्ही बाकावरच बसून राहता. गुडघा ना? पुढच्या रविवारी भाकर नि प्याला मीच तुमच्यापाशी आणतो." म्हटलं, कशाला उगाच त्रास. तर म्हणे, त्रास कसला!

एकोणीस वर्षं हा गुडघा पुरला मला. जन्मभर नर्स, उभं राहून राहून गुडघे गेले असतील, हे कुणालाही पटतं. खरं कारण सुवार्ता. माझ्या मुलाची, शमूची बायको, आता विजयची. मनात कुणाबद्दल अढी असेल तर त्या भाकरीला हात लावायचा नाही, हे आईने लहानपणीच शिकवलेलं. म्हणून बसते. लोक म्हणतात, बिचाऱ्या सिस्टर.

पुढचा रविवार स्मरणाचा, म्हणून या महिन्याचं प्रभुभोजनही त्याच दिवशी. लढाईत गेलेल्या आपल्या मंडळीतल्या पोरांची नावं वाचतात, शमूची मेणबत्ती मी लावते. त्यात हे. आता काय करू, देवा?

३ नोव्हेंबर, सोमवार

वॉर्डातल्या मंडळाकडून माझा सत्कार, वीरमाता म्हणून. शाल, नारळ, फोटो. माईकवाल्याने दरवर्षीप्रमाणे विचारलं, "वीरपत्नी नाही आल्या?" मी दरवर्षीप्रमाणे सांगितलं, ती बाहेरगावी असते. इंदिरानगर म्हणे बाहेरगाव! इथून, शरणपूरहून, रिक्षाने वीस मिनिटं.

नारळाच्या करंज्या केल्या. खायला कोण आहे? शमू सारणच संपवायचा. देवळालीला ट्रेनिंगला होता तेव्हा रविवारी सुट्टी मिळाली की यायचा, बूट दारात, स्वारी थेट ओट्यापाशी. मी झारा उगारायची. "मार, मार, सैनिकाला मार," म्हणत आणखी एक बोकणा. केवढा हसायचा मेला.

५ नोव्हेंबर, बुधवार

शाल ठेवायला त्याची काळी पेटी उघडली. झाकणावर पांढऱ्या रंगात नाव, नंबर. सगळ्या शाली यातच ठेवते. का ते मला माहीत आहे. तळाला पत्र आहे.

तो गेल्यावर पलटणीकडून पेटी घरी आली तेव्हा सु. माहेरी होती. पत्र मला लिहिलेलं, पोस्टात न टाकलेलं. आज परत वाचलं. "मला काही झालं तर सुवार्ताला माझ्या फोटोपुढे बसवून ठेवू नकोस. तू स्वतः तिचं लग्न लावून दे. चांगली जगू दे तिला. तू चिडशील, मला माहीत आहे, पण माझं एवढं ऐक. आणि तिला पालक आवडत नाही गं, रोज रोज करू नकोस."

तिला कधी दाखवलं नाही. कुणालाच नाही.

७ नोव्हेंबर, शुक्रवार

पाळकसाहेब घरी आले. रविवारी शमूबद्दल काय बोलू, विचारत होते. सांगितलं सगळं. दोघा जखमींना ओढून बाहेर आणलं, तिसऱ्यासाठी परत गेला, तो आलाच नाही. ते म्हणाले, "अशा माणसाचा मान आपण कसा राखायचा, आजी?" मी पटकन बोलून गेले, "चांगलं जगून." हे तर शमूच्याच पत्रातलं.

सु. मला सांगायला आली तो दिवस आठवला. शमूला जाऊन दीड वर्ष झालेलं. इथेच, या खुर्चीपाशी उभी होती. "आई, विजय लग्नाचं विचारतोय." मी काय म्हणाले? माझ्या पोराची माती वाळली नाही अजून, आणि तुला बाशिंग बांधायचंय! ती रडत पिशवी भरत होती आणि पत्र शेजारच्या खोलीत होतं. एक शब्द बोलले असते तर. नाही बोलले. माझा मुलगा गेला आणि हिला मात्र दुसरा नवरा मिळतो, याचाच राग. दुसरं काही नाही.

तिने न वाचताच त्याचं ऐकलं. मी वाचून पेटीत घातलं, वर शाली रचल्या.

८ नोव्हेंबर, शनिवार

गेले. इंदिरानगरला, सुवार्ताकडे. रिक्षावाला तीनदा म्हणाला, "आजी, पत्ता नक्की हाच ना?" दार तिच्या मुलीने उघडलं, दहावीतली असेल. "आई, कोणीतरी आज्जी आल्यात." कोणीतरी. बरोबरच आहे.

सु. जाड झालीय. केसांत पांढरं. "बसा," म्हणाली. आई म्हणाली नाही, सिस्टरही नाही. मी बसले नाही, पत्र पुढे केलं. म्हटलं, हे तुझं होतं, मी दडवलं. माझं चुकलं, सुवार्ता.

तिने उभ्यानेच वाचलं. परत वरून वाचलं. मग म्हणाली, "मी इतकी वर्षं त्याची माफी मागत आले. रोज रात्री, प्रार्थनेत. माहीत आहे तुम्हाला?"

आत निघून गेली. मुलगी पाणी घेऊन आली. करंज्यांचा डबा तिच्या हातात दिला नि निघाले. जिना उतरताना कठडा दिसेना डोळ्यांना.

९ नोव्हेंबर, रविवार

सु. आली नाही. मान वळवून वळवून दुखली. शमूचं नाव वाचलं, मेणबत्ती लावली. दोन काड्या वाया गेल्या.

पाळकसाहेब भाकर घेऊन खरंच बाकापाशी आले. सगळे बघतायत. मी हळू म्हटलं, "आज नको. गुडघा ठणठणीत आहे माझा. मी एकीचा अपराध केलाय, तिने अजून माफ केलेलं नाही." त्यांनी क्षणभर खांद्यावर हात ठेवला नि पुढच्या बाकाकडे गेले. लाज वाटली. पण हलकंही वाटलं, हे खोटं नाही.

११ नोव्हेंबर, मंगळवार

दुपारी फोन. सु. होती:

"पालकाचं लिहिलंय त्याने."

"हो."

"तो गेल्यावर दीड वर्ष तुमच्याकडे होते. दिवसाआड पालक खायला घातलात मला."

"हो गं."

हसली की रडली, कळलं नाही. मी तर रडलेच. माफ केलं का, हे विचारायची हिंमत झाली नाही. तीच म्हणाली, करंज्यांचं सारण कमी गोड होतं. फोन ठेवता ठेवता तिने विचारलं, "उपासना अजून साडेनवालाच असते का?"

म्हटलं, साडेनवालाच.

पुढचं प्रभुभोजन डिसेंबरच्या पहिल्या रविवारी. ती पूर्वीही उशिराच यायची. शेजारी पर्स ठेवून जागा धरीन.