सड्यावरची तट्टं

७ नोव्हेंबर
आली एकदाची! महाबळेश्वरात म्हातारी झाली म्हणून मालकांनी सोडून दिलेली, रानात राहून निम्मी रानटी झालेली तट्टं. फुलांचा हंगाम संपला. आता पठारावरचं, म्हणजे सड्यावरचं, उंच गवत यांनी खायचं — मग पुढच्या वर्षी बारीक फुलांना ऊन मिळेल. एवढं साधं गावाला समजत नाही. खालच्या वस्तीतली भामाबाई कुंपण धरून उभी — "आवं बाई, आमच्या म्हशी खात्यात ते गवात न्हाई व्हय?"
म्हटलं, म्हशी सडा तुडवतात.
"आन् घोडी काय उडत चरत्यात?"
सगळ्या बायका फिदीफिदी हसल्या. वनस्पतिशास्त्र शिकले ते यांच्याशी हुज्जत घालायला?

१९ नोव्हेंबर
ही तट्टं आणणाऱ्या आमच्या संस्थेचे अध्यक्ष उदयसिंह इस्लामपूरहून आले. सड्यावर पांढरे बूट! तट्टाबरोबर फोटो पाहिजे होता. तट्टानं दातात धरून बाही फाडली. जनावराला माणसं कळतात.

११ जानेवारी
सगळा सडा सोडून एकाच कोपऱ्यात चरतात! हाकलून हाकलून घसा बसला. मी दिसले की पाठ फिरवतात. तरी गावापेक्षा बरी. तोंडावर गोड बोलत नाहीत.

२८ मार्च
कुंपणाची तार कापलेली. आत म्हशी. आणि भामाबाई बेधडक सांगतेय — "मीच कापली. आमच्या आज्ज्यापास्नं हितं चरत्यात!"
म्हशी कोंडवाड्यात पाठवल्या. मग रडली. यांना दुसरं येतं काय?

१६ जून
पाऊस लागला. तट्टं खाली शेडमध्ये. सडा आता फुलांसाठी सगळ्यांनाच बंद. उदयसिंहांनी ट्रकभर ओला मका पाठवला — त्याचेही फोटो काढून!
भामाबाई भिजत दारात. "येक भारा द्या की. म्हस व्यालीया."
दिला नाही. आज हिला, उद्या अख्ख्या वस्तीला. लाज म्हणून नाही या लोकांना.

३० जुलै
सडा हिरवागार. बारीक पांढऱ्या फुलांचा गेंद उगवलाय, मागच्या वर्षीपेक्षा दाट. माझंच खरं ठरलं. गावातलं एक कुत्रं बघायला आलं नाही.

२ ऑगस्ट
भामाबाई गेली. कड्याच्या कपारीतलं गवत कापताना पाय घसरला.
मी वस्तीवर गेले. तिच्या सुनेनं मला बसायला घोंगडं अंथरलं.