तेवीस वर्षं मदरबोर्ड तपासून

३ मार्च, मंगळवार

पितळी खुंट्या नऊ. आणि त्या कुठे बसवायच्या हे मला ठाऊक नाही. मला! चुंगलीच्या कारखान्यात तेवीस वर्षं मदरबोर्ड तपासले, रोज शेकड्यांनी. चिप बसते त्या सॉकेटातली एक पिन केसभर वाकडी दिसली तरी बोर्ड बाजूला. पण त्या बोर्डाचा पुढे कॉम्प्युटर कसा होतो, ते कधी पाहिलंच नाही. बोर्ड पट्ट्यावरून पुढे सरकला की आपला संबंध संपला.

ऑक्टोबरात लाइन बंद झाली. आमची जुनी लाइनप्रमुख पंगबाई आता एक दुरुस्ती केंद्र सांभाळते. काल तिचा फोन – "एक जागा आहे. शनिवारी, एकवीसला ये. माझ्यासमोर तासाभरात एक कॉम्प्युटर जोडून दाखव. ओळखीपाळखीचं चालणार नाही हं, छ्यौफंग!"

नाही जमलं तर नणंदेचं नाश्त्याचं दुकान आहेच. पहाटे चारला उठून अंड्याची धिरडी उलथा आणि दिवसभर तिची बोलणी खा. नको रे बाबा! म्हणून सगळे सुटे भाग आणले. घरी एक जोडून हात बसवायचा.

५ मार्च, गुरुवार

खुंट्यांचं कळलं. त्या पेटीच्या पत्र्यावर लावायच्या आणि वर बोर्ड. मी बोर्ड सरळ पत्र्यावरच ठेवून स्क्रू पिळत होते! तसंच वीज लावली असती तर बोर्ड तिथल्या तिथे गेला असता. बरं तर बरं, स्क्रू बसेना म्हणून पुस्तिका उघडली.

नवरा सोफ्यावरून बघत होता. आमच्या या लाओ फानला टोमणा मारल्याशिवाय चहा पचत नाही. "मी तीस वर्षं बस चालवली. म्हणून कधी बस बनवायला बसलो का?" मी म्हटलं, बनवायला नको, नुसती वेळेवर आणली असती तरी लोकांनी दुवा दिला असता. त्याने टीव्हीचा आवाज वाढवला.

सॉकेटवरची काळी टोपी काढून पिना बघितल्या. भिंगातून, ओळ न् ओळ. सगळ्या सरळ. निदान एवढं तरी मला येतं! चिप सवडीने बसवू. आज कंबर धरली.

खोकी, पिशव्या, फोम, सगळं रीसायकलच्या गाडीत देऊन आले. घर कसं मोकळं झालं.

७ मार्च, शनिवार

चिप बसवली. वर पंखा. मेमरी. बटण दाबलं. पंखा फिरला आणि मी एकटीच टाळ्या वाजवल्या!

पडदा काळा.

८ मार्च, रविवार

पडदा काळाच.

९ मार्च, सोमवार

आज तीन चुका सापडल्या. मेमरीच्या दोन्ही पट्ट्या शेजारी शेजारी खोचल्या होत्या, एक घर सोडून हव्या होत्या. पडद्याची वायर भलत्याच भोकात. आणि वरच्या कोपऱ्यात चिपसाठी म्हणून आठ टोकांची वेगळी वीज जोडायची असते, ती जोडलीच नव्हती! ते भोक मी तेवीस वर्षं रोज बघत होते. त्यात काय जातं, हे विचारायचं एकदाही सुचलं नाही. शाबास, बाई!

तिन्ही दुरुस्त केल्या. पडदा काळाच. लाथ मारावीशी वाटली. मारली – स्टुलाला. अंगठा सुजलाय.

१० मार्च, मंगळवार

चिप काढली. सॉकेटात भिंगातून बघितलं. डावीकडच्या कोपऱ्यात दोन पिना वाकलेल्या.

गुरुवारी सरळ होत्या. मी स्वतः बघितल्या होत्या. म्हणजे चिप ठेवताना मीच वाकवल्या. दुसरं कोण आहे इथे?

असे बोर्ड आले की आम्ही वर लाल कागद चिकटवायचो आणि म्हणायचो, कोणाचे हे आंधळे हात!

११ मार्च, बुधवार

बोर्ड घेऊन दुकानात गेले. दुकानदार बरा माणूस. म्हणाला, "बदलून मिळतो का विचारतो, ताई. सॉकेटची टोपी कुठे आहे?"

टोपी?

"टोपीशिवाय कंपनी बोर्ड हातातसुद्धा घेत नाही."

टोपी गेली रीसायकलला! लाइनवर तपासून झालं की जुनी टोपी बादलीत आणि नवी टोपी वर. हाताला तीच सवय. पण घरात नवी टोपी कुठून येणार, एवढी साधी अक्कल नको का मला? दुकानदाराला म्हटलं, अहो, मी याच कामात होते. तो म्हणाला, "मग तर तुम्हाला माहीत असायला हवं होतं." खरंच आहे. बोर्ड पिशवीत घालून घरी आले.

१२ मार्च, गुरुवार

नणंद आली. येताना ॲप्रन घेऊनच आली. पिवळा, त्यावर हसरी कोंबडी. "वहिनी, तव्यावर काही वाकत नाही हो. आणि वाकलंच तर गिऱ्हाईक खाऊन टाकतं."

लाओ फान हसला नाही. मला वाटलं होतं तोच सगळ्यात मोठ्याने हसेल. ती गेल्यावर म्हणाला, "नवीन बोर्ड आणू. मी आणतो." मी त्याच्यावरच उखडले. नवीन आणून काय करू? तोही वाकवू?

१४ मार्च, शनिवार

सुईने पिना सरळ करायला बसले. लाइनवर असताना माझ्या हाताखालच्या पोरींना मीच शिकवायचे – श्वास सोडायचा, मग टोक लावायचं. आज सुई पिनेजवळ नेली की टोक भलतीकडेच जातं. चार वेळा बसले, चार वेळा उठले. चुकून तिसरी वाकली असती म्हणजे?

बावन्न वय म्हणजे काही म्हातारपण नाही. पण हात गेले असतील तर पंगबाईसमोर कशाला जायचं? त्या बाईने माझ्या हातांची दहा वर्षं सगळ्यांपुढे तारीफ केली. तिच्या डोळ्यांदेखत पिना मोडायच्या? त्यापेक्षा धिरडी बरी.

१६ मार्च, सोमवार

नणंदेला हो सांगितलं. पुढच्या सोमवारपासून. ती एवढी खूश झाली की मला तिचाही राग आला. पंगबाईला उद्या फोन करून नाही म्हणते.

लाओ फान दुपारी जेवला नाही. विचारलं तर म्हणे पोट बिघडलंय.

१७ मार्च, मंगळवार

पंगबाईचा नंबर लावत होते. लाओ फानने फोन हातातून काढून घेतला आणि खिशातला लाल कापडाचा ताईत टेबलावर ठेवला. यीमिन मंदिरातला.

"तू शुक्रवारी बाजारात गेलीस ना, तेव्हा मी हा चिपच्या जागी ठेवला. वरून झाकण दाबलं. तासभरच. काढताना अडकला जरा."

"देव उजवा कौल देईना. सातव्यांदा दिला. तू पास व्हावीस म्हणून गेलो होतो गं."

मग मी त्याला जे बोलले, ते इथे लिहिण्यासारखं नाही. आणि मग त्याच्याच शर्टाला डोळे पुसले. ते आंधळे हात माझे नव्हते! आठवडाभर मी माझ्या हातांना शिव्या घालत होते.

श्वास सोडला, सुई लावली. दोन्ही पिना सरळ. सव्वाचारला पडद्यावर अक्षरं आली. ॲप्रन परत द्यायला लाओ फान स्वतः गेलाय.