शंभर अधिक वय

स्प्लिट, ११ मार्च

प्रिय मारियेता,

तुझा चॉकलेटचा डबा पोचला. वर तू 'माझ्या दुसऱ्या आईला' असं लिहिलंयस. ते वाचलं आणि डबा न उघडताच बाजूला ठेवला. रागावू नकोस, दोष डब्याचा नाही. काल दिंकाला भेटून आले. पक्षाघाताच्या झटक्याला दोन महिने होऊन गेले, पण तुझ्या आईचा उजवा हात अजून मांडीवर नुसता पडलेला असतो, आणि बोलायला गेली की 'हो, हो' एवढंच बाहेर येतं. ती माझ्याकडे बघत होती आणि मी खिडकीकडे. आईच्या रक्तदाबाकडे डॉक्टर इनेसने लक्षच दिलं नाही, तिच्याविरुद्ध तक्रार करणार, असं तू फोनवर म्हणालीस.

आमच्या अंगणातली सकाळ तुला ठाऊकच आहे. नऊ वाजता पेरिनाच्या दारात टेबल, काळी कॉफी, सिगारेटी आणि मधोमध माझं रक्तदाब मोजायचं यंत्र. मी निवृत्त झाले तेव्हा दवाखान्यातल्या लोकांनी दिलेलं. अठ्ठावीस वर्षं मी तिथे खिडकीमागे बसून कागदांवर शिक्के मारले, पोरी. सुई कधी हातात धरली नाही. पण पांढरा कोट घालायचे ना, तेवढ्यावर अंगणाने मला डॉक्टरीणबाई केलं आणि मीही ते मिरवलं. आता आठवलं की माझीच किळस येते. समोरच्या बाईच्या तोंडात कॉफीचा घोट, एका हातात सिगारेट, आणि दुसऱ्या हाताला स्वेटरच्या बाहीवरूनच पट्टा गुंडाळायचा. आकडा कमी आला तर बाई ठणठणीत. जास्त आला तर जुगो सुटलाय. दक्षिणेकडून येणाऱ्या त्या दमट वाऱ्यावर आम्ही डोकेदुखी ढकलतो, गुडघे ढकलतो, नवऱ्याची कटकटही ढकलतो. रक्तदाबही त्याच्याच माथी मारला.

वयाप्रमाणे माझे निकाल ठरलेले असायचे. पेरिनाची सून पंचवीस-सव्वीसची, सारखी चक्कर येऊन पडायची. तिचा वरचा आकडा नव्वदच्याही खाली आला, तर मी म्हणाले, "नशीबवान आहेस, शंभर वर्षं जगशील." तुझ्या पोटात लुका होता तेव्हा तू सुजलेले पाय घेऊन आली होतीस, आकडा एकशे बेचाळीस. मी म्हणाले, "दोन जिवांची बाई, एवढा असायचाच." तू हसून ग्रात्सला तुझ्या घरी परत गेलीस आणि तिथल्या सुईणीने तुला थेट इस्पितळात नेऊन निजवलं, म्हणून तुम्ही दोघं वाचलात. हे तू कधी माझ्या तोंडावर फेकलं नाहीस. फेकायला हवं होतंस. पन्नाशीच्या बायकांना मी सांगायचे, पाळी जातेय, त्याचंच हे. आणि त्यापुढच्यांना माझा हुकमी हिशेब असे, की शंभरात वय मिळवा, तेवढा चालतो. कुठल्याशा म्हाताऱ्या डॉक्टरने रांगेतल्या कुणाला तरी सांगितलेलं मी खिडकीमागून ऐकलं होतं, चाळीस वर्षांपूर्वी.

दिंकाला झटका आल्यावर इस्पितळातल्या तरुण डॉक्टरला मी हाच हिशेब ऐकवला. तो म्हणाला, "आजी, एकशे वीस-ऐंशीच्या आसपास तिशीत चांगला, तसा सत्तरीतही चांगलाच. पाळी गेल्यावर बायकांचा वाढतो हे खरं. पण वाढतो म्हणून चालतो, असं कुणी सांगितलं तुम्हाला?" मग त्याने दाखवलं. कॉफीच्या आधी, पाच मिनिटं गप्प बसून, उघड्या दंडावर मोजायचं. एवढंच. आणि मी त्याच धंद्याच्या इमारतीत जन्म काढला.

आता ज्यासाठी लिहायला बसले ते सांगते. तक्रार करू नकोस. डॉक्टर इनेस म्हणते की तिने गोळ्या दिल्या होत्या, आणि तू म्हणतेस ती खोटं बोलते, कारण घरात पाकीटच सापडलं नाही. ती खरं बोलतेय. ऑक्टोबरात तिने दिंकाचा दाब तीन वेगवेगळ्या दिवशी मोजला, तिन्ही वेळा एकशे साठच्या वर, आणि गोळ्या लिहून दिल्या. औषधाच्या दुकानातून दिंका सरळ आमच्या टेबलाशी आली. "विंका, बघ गं, घेऊ का या?" मी माझा पट्टा बांधला आणि सगळ्यांसमोर म्हणाले, "वय अडुसष्ट, दाब एकशे अडुसष्ट. याहून नेमका कुणाचा असणार? ती कालची पोर, तिला काय कळतंय." सगळ्या हसल्या. दिंकाही हसली आणि पाकीट माझ्याच हातात ठेवून म्हणाली, "मग ठेव तुझ्याकडे, कुणाला लागलं तर दे." ते या पत्रासोबत पाठवते आहे. त्यातली एकही गोळी कमी झालेली नाही. तक्रार करायचीच असेल, तर नाव खाली लिहिलंय.

तुझीच, अजून तसं म्हणू देशील तर,
विंका बाराडा